वाचकांचे प्रश्न : गादी कडक असावी की आधार देणारी?

गादीच्या निवडीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. मी व्यवसायाने गादीवाला आहे. मिरजेत वडिलांच्या कारखान्यात कापूस भरण्यापासून सुरुवात केली, त्याला आता २८ वर्षे झाली आणि या काळात कापूस, काथ्या, फोम, स्प्रिंग अशा सर्व प्रकारच्या गाद्या मी उसवून पाहिल्या आहेत. दुखण्याचे निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते मी करणार नाही. अंगाखाली काय असावे, एवढ्यापुरतेच मी अधिकाराने बोलू शकतो.

प्रश्न : माझे वय ५४ असून मी शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून कंबर दुखते. कडक जागी झोपावे असे नातेवाइकांनी सांगितल्यावरून गादी काढून टाकली आणि आठ महिने प्लायवूडवर सतरंजी व एक गोधडी घालून झोपते. कंबरेला थोडा आराम पडला, पण कुशीवर झोपले की खांदा दुखतो, हाताला मुंग्या येतात आणि पहाटे चारलाच जाग येते. दुकानदार ‘ऑर्थोपेडिक’ गादी सुचवतो आहे. ती घ्यावी का? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : आपल्यासारखी पत्रे सर्वांत जास्त आली, म्हणून याच प्रश्नाला जास्त जागा देतो.

माणसाचे शरीर फळीसारखे सपाट नसते. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि नितंब बाहेर येतात, कंबर आत राहते. खाली फळी असेल तर अंगाचा बहुतेक भार खांद्याच्या आणि नितंबाच्या हाडावर येतो, तेथील रक्तप्रवाह दबतो, आणि कंबरेखाली काहीच नसल्यामुळे ती रात्रभर लोंबकळत राहते. आपल्या हाताला मुंग्या येतात त्या बहुधा यामुळेच. उलट, मध्यभागी खोलगट झालेल्या गादीवर किंवा सैल पडलेल्या सुंभाच्या बाजेवर नितंब खाली जातात, पाठीची कमान झोळीसारखी होते आणि सकाळी उठताना कंबर धरलेली असते. ‘कडक जागी झोपा’ हा सल्ला ज्या काळी रूढ झाला, त्या काळी घरोघरी अशाच बाजा आणि गोळे झालेल्या गाद्या होत्या. झोळीतून फळीवर आलेल्या माणसाला बरे वाटणारच. आपली कंबरही त्यामुळेच थोडी सुधारली असावी. खोलगटपणा गेला हा त्यातला खरा उपाय होता. फळीचा कडकपणा हा उपाय नव्हता.

गादीचे दोन गुण वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. एक मऊपणा, जो वरच्या एक-दोन इंचांत असतो आणि खांद्याला, नितंबाला आत जायला जागा देतो. दुसरा आधार, जो खालच्या थरात असतो आणि शरीराला एका मर्यादेपलीकडे खाली जाऊ देत नाही. दुकानात आपण अंगठ्याने गादी दाबून पाहतो तेव्हा कळतो तो केवळ पहिला गुण. वरून मऊ आणि आतून भक्कम अशी गादी असू शकते, तशीच वरून दगडासारखी लागणारी आणि दोन वर्षांत मध्ये बसणारी गादीही असू शकते, आणि दुर्दैवाने ‘पाठीसाठी खास’ म्हणून विकली जाणारी गादी पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारची निघते.

याविषयी स्पेनमधील एका वैद्यकीय अभ्यासाचा आधार देता येतो. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांना दोन गटांत विभागून काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी देण्यात आली. कोणाला कोणती मिळाली आहे, हे त्यांना सांगितले नव्हते. ९० दिवसांनंतर पाहिले तेव्हा अंथरुणात असताना, उठताना आणि दिवसभराच्या हालचालीत होणारा त्रास मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांमध्ये अधिक कमी झालेला आढळला. हा अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तरीही आजसुद्धा माझ्या दुकानात येणाऱ्या दहांतले सात जण आत येताच ‘तुमच्याकडची सगळ्यात कडक गादी दाखवा’ असे म्हणतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘ऑर्थोपेडिक’ हा गादीवरचा शब्द वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हे, तो उत्पादकाने दिलेला नावाचा भाग आहे. तो वाचून गादी घेऊ नये आणि त्या शब्दापायी टाळूही नये. आतले थर कोणते आणि किती इंचांचे, हे विचारावे. आपल्याला मी असे सुचवीन की खाली चार इंच रबराने बांधलेला काथ्या किंवा चांगल्या घनतेचा फोम आणि वर दीड ते दोन इंच मऊ फोम किंवा लॅटेक्स (रबराच्या चिकाचा फोम) असलेली गादी पाहावी. पण लगेच मोठा खर्च करण्याआधी एक प्रयोग करा. आज ज्या प्लायवूडवर झोपता, त्याच्यावर दोन इंचांचा चांगला फोम घालून तीन आठवडे झोपून पाहा. खांद्याचा त्रास गेला आणि कंबर पूर्वीइतकीच राहिली, तर आपल्याला काय हवे आहे ते आपल्या शरीरानेच सांगितलेले असेल.

दुकानात गेल्यावर चपला काढून, नेहमी ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर, निदान १५ मिनिटे पडून राहा. संकोच बाळगू नका. ज्या दुकानदाराला ते आवडत नाही, त्याच्याकडून गादी घेऊ नये. उताणे झोपून कंबरेखाली हात सरकवा. हात आरपार सहज जात असेल तर गादी आपल्यासाठी जास्त कडक आहे, मुळीच शिरत नसेल तर जास्त मऊ आहे, आणि थोडा घासत शिरला तर योग्य आहे. मग कुशीवर वळा आणि सोबतच्या व्यक्तीला मागून मोबाइलवर छायाचित्र काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ जमिनीला साधारण समांतर दिसली पाहिजे. उशी आपली घरचीच न्या. तिची जाडी खांद्यापासून कानापर्यंतच्या अंतराइतकी नसेल तर उत्तम गादीवरही मान आखडते आणि दोष गादीला लागतो.

एक गोष्ट मात्र टाळू नका. कंबरेचे दुखणे पायात उतरत असेल, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, लघवी-शौचावरील ताबा जात असेल, ताप येत असेल किंवा कारणाशिवाय वजन उतरत असेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. हाताच्या मुंग्या फोम घातल्यावरही राहिल्या, तर त्याही दाखवून घ्याव्यात.

प्रश्न : माझे वजन ९२ किलो आणि पत्नीचे ५१ किलो. मला घट्ट गादी लागते, तिला मऊ. मी कुशी बदलली की ती जागी होते. शिवाय दुकानदार ‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ म्हणतात, त्याचा अर्थ काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण ग्राहकांची सर्वांत मोठी फसगत तेथेच होते. डेन्सिटी म्हणजे घनता. एक घनमीटर फोमचे वजन ३२ किलो भरले तर तो ३२ डेन्सिटीचा फोम. घनतेवरून फोम किती वर्षे टिकेल याचा अंदाज येतो, तो किती कडक आहे हे त्यावरून कळत नाही. कमी घनतेचा फोमही कारखान्यात कडक बनवता येतो आणि नेमका तोच स्वस्त गादीत भरला जातो. पहिल्या वर्षी तो छान घट्ट लागतो आणि नंतर त्याचा जीव जातो.

ही घनता घरच्या घरी तपासता येते. ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ६ इंच जाड असा नुसता फोम ३२ डेन्सिटीचा असेल तर त्याचे वजन ८ किलोंहून थोडे अधिक भरते, आणि ४० डेन्सिटीचा असेल तर १० किलोंहून थोडे अधिक. खोळीचे वजन वेगळे धरावे. दुकानात वजनकाटा मागणाऱ्या ग्राहकाशी विक्रेता जपून बोलतो, असा माझा अनुभव आहे. वजन वाढवण्यासाठी काही जण फोममध्ये खडूसारखी पूड मिसळतात. खोळीची चेन उघडून फोमचा कोपरा बोटांनी चुरला असता पांढरी भुकटी हाताला लागली, तर ती गादी घेऊ नये.

आपल्या वजनाला तळाचा थर ४० डेन्सिटीचा आणि एकूण जाडी निदान ६ इंच, शक्यतो ८ इंच असावी. तीच गादी पत्नीला कडक लागेल, कारण ५१ किलोंचे शरीर तिच्यात पुरेसे रुतणारच नाही. म्हणून माझा सरळ सल्ला असा आहे की दोन गाद्या घ्याव्यात. पलंग ७८ बाय ७२ इंचांचा असेल तर ७८ बाय ३६ च्या दोन वेगळ्या गाद्या, मात्र एकाच जाडीच्या, शेजारी शेजारी बसतात आणि वर एकच मोठी चादर घातली की फट जाणवत नाही. आपली हालचालही पत्नीपर्यंत पोहोचणार नाही. एकच गादी हवी असेल तर पॉकेट स्प्रिंगची पाहावी, कारण तिच्यात प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते आणि शेजारच्या स्प्रिंगला ओढत नाही. साध्या, तारेने एकमेकींना जोडलेल्या स्प्रिंगच्या गादीत एका कडेला बसले तरी दुसरी कड हलते.

आणि माप घेताना पलंगाची आतली बाजू मोजावी. सुताराने बनवलेल्या पलंगांत डोक्याकडची आणि पायाकडची रुंदी अर्धा-पाऊण इंचाने कमी-जास्त असणे ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप सांगावे.

प्रश्न : ऑनलाइन मिळणारी, गुंडाळून खोक्यात येणारी मेमरी फोमची गादी घ्यावी असा मुलांचा आग्रह आहे. १०० रात्री वापरून परत करण्याची सोय आहे असे म्हणतात. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहेच. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मेमरी फोमचा शोध १९६६ साली अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेसाठी, विमानातील आसने अधिक सुरक्षित करण्याच्या कामातून लागला. शरीराच्या उष्णतेने तो मऊ होतो, अंगाचा आकार घेतो आणि दाब सर्वत्र पसरवतो. हाच त्याचा गुण नागपूरच्या मे महिन्यात अडचणीचा ठरतो. अंग त्यात रुतून बसते, बाजूने वारा लागत नाही आणि पाठ घामाने भिजते. खोलीत रात्रभर वातानुकूलन असेल तर प्रश्न नाही. नसेल तर मेमरी फोमचा थर एक इंचाहून जाड नको, आणि तो तळाच्या भक्कम थरावर हवा. त्यापेक्षा छिद्रांचा लॅटेक्स किंवा काथ्या आपल्याकडे अधिक सोसेल.

परत करण्याच्या सोयीविषयी विकत घेण्यापूर्वी लेखी वाचावे : परतीसाठी गादी किमान किती दिवस वापरणे आवश्यक आहे, उचलून नेण्याचा खर्च कोणाकडे, डाग पडला तर परत घेतात का, आणि पैसे परत मिळतात की फक्त बदली गादी. हमीपत्रातही बहुतेक वेळा ठरावीक खोलीपेक्षा जास्त खड्डा पडला तरच गादी बदलून देण्याची अट असते. ‘आराम वाटत नाही’ हे कारण त्यात बसत नाही. बिल जपून ठेवावे आणि विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. गुंडाळलेली गादी उघडल्यावर पूर्ण फुगायला एक-दोन दिवस लागतात आणि नव्या फोमचा वासही तेवढ्यात बराच उडून जातो, तेव्हा पहिल्याच रात्री तिच्यावर झोपू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेली काथ्याची महागडी गादी पावसाळ्यानंतर उचलली तर खाली काळे-हिरवे ठिपके. पलंगाला खाली सामान ठेवायचा बॉक्स आहे. घरात एकाला दमा आहे. गादी खराब निघाली असे समजायचे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : गादीला दोष देण्याआधी पलंग तपासावा. झोपलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभर घाम आणि वाफ बाहेर पडते, त्यातील काही गादीतून खाली उतरते. खाली सलग प्लायवूड आणि त्याखाली बंद बॉक्स असेल तर तिला बाहेर जायला वाट राहत नाही. त्यात चिपळूणच्या पावसाळ्यातली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. नारळाच्या काथ्याला रबराच्या चिकाने बांधून केलेली ही गादी खरे तर आतून हवेशीर असते, म्हणूनच कोकणात मी ती सुचवतो, पण तिला श्वास घ्यायला दोन्ही बाजू मोकळ्या हव्यात.

माझ्या कामाच्या निमित्ताने रत्नागिरीकडच्या एका घरी मी अशीच गादी पाहायला गेलो होतो. चादर काढली तर खाली कारखान्यातून आलेले प्लास्टिकचे वेष्टन तसेच! गादी मळू नये म्हणून तीन वर्षे ते जपले होते. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसत होते आणि खोळीवर बुरशीचा नकाशा उमटला होता. आपल्या गादीवर ते वेष्टन असेल तर आजच फाडून काढा. मळण्याची भीती असेल तर धुता येणारा सुती अभ्रा घालावा.

ठिपके फक्त खोळीवर असतील आणि खोळीला चेन असेल तर ती काढून गरम पाण्यात धुवावी, उन्हात कडकडीत वाळवावी. आतल्या काथ्याला वास येत नसेल तर त्याला दोन-तीन दिवस सावलीत, वाऱ्यावर उभे करून ठेवावे. रबर आणि फोम प्रखर उन्हाने ठिसूळ होतात, त्यामुळे कापसाच्या गादीसारखे त्यांना दिवसभर उन्हात टाकू नये. ब्रशने झटकायचे काम अंगणात, तोंडाला मास्क लावून आणि दम्याच्या रुग्णाला दूर ठेवून करावे. ठिपके आतपर्यंत गेले असतील, कुबट वास जात नसेल, तर मात्र पैशाचा विचार न करता ती गादी घराबाहेर काढावी. ज्या घरात दमा आहे तेथे बुरशीशी तडजोड नको.

पलंगासाठी सुताराला बोलावून प्लायवूडला सहा-सहा इंचांवर एक इंच व्यासाची भोके पाडून घ्यावीत, किंवा सलग फळीऐवजी पट्ट्या बसवाव्यात. पट्ट्यांमधील अंतर तीन इंचांपेक्षा जास्त झाले तर गादी फटींत दबून तिचा आधार जातो. पलंग भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गादी कडेवर उभी करून पंखा लावून ठेवावा.

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचे आहे. त्याला आमच्या मऊ गादीवर, मोहरीच्या उशीवर झोपवले तर चालेल का? (एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : नाही. येथे कडक हाच शब्द योग्य आहे. एक वर्षापर्यंतच्या बाळाला सपाट, घट्ट गादीवर, उताणे आणि उशीशिवाय झोपवावे, असा बालरोगतज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे, कारण मऊ गादीत तोंड रुतले तर बाळाला मान वळवून श्वास घेता येत नाही. मोहरीची उशी घरातील वडीलधाऱ्यांनी प्रेमाने शिवलेली असते हे मी जाणतो. ती जपून ठेवा, पण झोपलेल्या बाळाच्या डोक्याखाली देऊ नका. बाळाच्या जागेत लोड, मऊ खेळणी आणि सैल दुलईही नको.

प्रश्न : सासूबाईंना अर्धांगवायू झाला आहे, त्या स्वतः कूस बदलू शकत नाहीत. त्यांच्यासाठी जाड, मऊ गादी घेतली, तरी माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसू लागला. (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

उत्तर : हा चट्टा बोटाने दाबल्यावर क्षणभर पांढरा होऊन पुन्हा लाल होत नसेल, लालच राहत असेल, तर ती शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजावी आणि डॉक्टरांना किंवा परिचारिकेला तातडीने दाखवावी. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, तेथे त्या जागी हाताला लागणारी ऊब किंवा घट्टपणा पाहावा.

जाड, मऊ गादी घेतलीत ती मायेने घेतलीत, पण हालचाल न करू शकणारे माणूस तिच्यात रुतते आणि त्याला वळवणे आपल्यालाही जड जाते. अशा रुग्णासाठी पंपावर चालणारी हवेची गादी मिळते. तिच्या नळ्या आळीपाळीने फुगतात आणि उतरतात, त्यामुळे एकाच जागी सतत दाब राहत नाही. ती नुसत्या फळीवर न घालता चार इंचांच्या घट्ट गादीवर घालावी. तिच्यावर एकच सुती चादर असावी. मऊ वाटावे म्हणून वर गोधडी, रबरी कापड, पुन्हा चादर असे थर चढवले की हवेच्या गादीचा उपयोगच संपतो. सासूबाई झोपलेल्या असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, हवेच्या गादीखाली, तळवा वर करून हात घाला. अंग हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे.

ही गादी आणली तरी साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे चालूच ठेवावे लागते. टाचांखाली जागा मोकळी राहील अशा रीतीने पोटऱ्यांखाली उशी द्यावी. वीज गेल्यावर पंप बंद पडतो आणि बऱ्याच गाद्या काही वेळात बसतात, तेव्हा हवा किती वेळ टिकते हे विकत घेताना विचारून ठेवावे. यंत्र भाड्यानेही मिळते. आजाराचा काळ अनिश्चित असेल तर आधी भाड्याने घ्यावे.

प्रश्न : आमच्याकडे लग्नात आलेल्या कापसाच्या दोन गाद्या आहेत. आता गोळे झाले आहेत. पूर्वी दारावर पिंजारी यायचे, आता कोणी येत नाही. मुले म्हणतात टाकून द्या, फोम आणू. मन होत नाही. (एक वाचक भगिनी, यवतमाळ)

उत्तर : टाकू नका. मी फोम विकतो आणि तरीही हे सांगतो.

कापसाची गादी हीच एक गादी आहे की जी नव्याने करता येते. कापसाचे तंतू वजनाने आणि घामाने दाबले जाऊन एकमेकांत गुंततात, त्यांच्यामधली हवा निघून जाते आणि गोळे होतात. तंतू मेलेले नसतात. ते पिंजून मोकळे केले की त्यांत पुन्हा हवा शिरते. फोमच्या बाबतीत असे करता येत नाही. तो बसला की बसला. माझे वडील पिंजणाची, म्हणजे कापूस मोकळा करण्याच्या धनुकलीची, तात छेडायचे तेव्हा दबलेल्या कापसाचा मळकट गोळा डोळ्यांदेखत चौपट फुगायचा आणि खोलीभर बारीक रोवे तरंगायचे. दिवसभरात दोन गाद्या होत. आज तेच काम यंत्रावर काही मिनिटांत होते. आपल्या शहरात कापूस पिंजण्याचे यंत्र ठेवणारी दुकाने निश्चित असतील. जुन्या बाजारात रजया भरून देणाऱ्यांकडे चौकशी करावी. काही जण यंत्र छोट्या टेम्पोवर घालून उन्हाळ्यात गल्लोगल्ली फिरतातही.

आधी एका कोपऱ्याची शिवण उसवून आतला कापूस पाहा. चिमूटभर घेऊन दोन्ही हातांनी हळू ओढा. तंतू लांब निघाले, रंग पांढरा किंवा पिवळसर असला, तर तो अस्सल कापूस आहे आणि यवतमाळच्या घरातल्या लग्नाच्या गादीत तो असण्याचीच शक्यता जास्त. बोटांत लगेच तुटणारे आखूड तंतू, मध्येच निळे-लाल धागे दिसले, तर तो चिंध्या दळून केलेला माल आहे आणि त्यावर मजुरी खर्च करण्यात अर्थ नाही. ओलीचा काळा डाग किंवा कुबट वास असलेला भाग वेगळा काढून टाकावा.

पिंजताना तूट येते, म्हणून नवा कापूस थोडा मिसळावा लागतो. एका माणसाच्या, ६ बाय ३ फुटांच्या गादीला साधारण १० ते १२ किलो कापूस लागतो. पिंजायला देण्यापूर्वी आणि नंतर आपल्यासमोर वजन करून घ्या, आणि शक्य असेल तर तेथेच थांबा, कारण चांगला कापूस बदलला जाण्याची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. खोळ जुनी वापरू नका. घट्ट विणीचे जाड सुती कापड घ्या, नाहीतर रोवे बाहेर येतात. टाके वीतभर अंतरावर आणि आरपार हवेत. टाके विरळ असले की कापूस सरकतो आणि वर्षभरात पुन्हा मध्ये खड्डा पडतो, म्हणजे गादी मऊ राहूनही तिचा आधार जातो. भरताना मध्यभागी, कंबर येते तेथे, थर थोडा जास्त ठेवायला कारागिराला सांगा. जुने कारागीर न सांगताही ठेवत असत.

पाठीला पूर्ण आधार हवा असेल तर ही गादी काथ्याच्या तीन-चार इंची गादीवर घाला, किंवा पट्ट्यांच्या पलंगावर दोन्ही गाद्या एकावर एक. महिन्यातून एकदा डोक्याकडची बाजू पायाकडे आणि वरची खाली करा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला दोन्ही बाजूंनी दिवसभर ऊन द्या, काठीने झोडपा आणि गार झाल्यावरच आत घ्या. तापलेली गादी घडी घालून ठेवली तर तंतू त्याच घडीवर दबतात. दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतली तर मुलांच्या पुढच्या दोन फोमच्या गाद्या होईपर्यंत ही गादी आपल्या घरात राहील. पिंजण्याचे काम दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत कधीही करून घ्या, पावसाळ्यात नको, कारण दमट कापूस यंत्रात मोकळा होत नाही.